टोफू कोरडा, जाळ मोठा, खाली ज्वारी

मी पहिल्यांदा टोफू (सोयाबीनच्या दुधाचा, पनीरसारखा दिसणारा) केला तेव्हा आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एक फोड तोंडात घातली, जरा वेळ तशीच गालात धरली आणि विचारलं, "हे काय करूलालीस गं? ओला खडू खाल्ल्यावानी लागतंय." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी पाकीट फोडलं, चौकोनी तुकडे केले आणि कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात सोडले. पनीर करतो तसं. पण पनीरच्या अंगात दुधाचं लोणी असतं, ते रश्श्याला चव देतं. टोफूच्या अंगात असतं ते पाणी, आणि त्यानं माझा रस्साच पातळ करून टाकला.

मी जुळे सोलापुरात डबे देते. सोळा डबे, बहुतेक शिकणारी मुलं आणि दोन-तीन एकटे राहणारे नोकरदार. त्यातल्या एका मुलीला दुधाचं काहीच चालत नाही. दही नाही, ताक नाही, पनीर नाही. ती म्हणाली, "काकू, आठवड्यातून एकदा टोफू जमेल का? भाजी आणि ज्वारीसोबत?" मी हो म्हणून बसले. ओल्या खडूनंतर तीन-चार बुधवार नुसते वाया गेले. एकदा लगदा झाला, एकदा कढईला चिकटला, एकदा डबा उघडेपर्यंत भाज्या शिजून काळ्या पडल्या. आता दीड वर्ष झालं. बुधवारचा हा डबा सात जण घेतात, आणि त्यातल्या पाच जणांना दूध व्यवस्थित पचतं.

या सगळ्यात मला एकच गोष्ट समजली, ती म्हणजे परतलेल्या भाजीचं पाण्याशी वैर आहे. कढईत पाणी असेतोवर तिचा ताप शंभर अंशांच्या वर जात नाही आणि तांबूसपणा यायला तर दीडशेच्या आसपास जावं लागतं. मधल्या काळात भाजी उकडते. आमच्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो, न्हाणीघरात पिंपं, गच्चीवर टाकी, जिन्याखाली हंडे. पाणी साठवण्यात अर्धा जन्म गेला आणि आता स्वयंपाकघरात उभी राहून मी पाणी पिळून काढत असते.

ज्वारी आदल्या रात्रीच

सुरुवात टोफूपासून करू नका, ज्वारीपासून करा. ती रात्रभर भिजावी लागते आणि ऐनवेळी आठवली तर काही उपाय नाही.

आत्यांचं माहेर मंगळवेढ्याचं. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आत्यांना विचाराल तर ते फार उशिरा मिळालं. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं उघडली ती याच ज्वारीची, असं त्या अशा काही सांगतात की जणू चावी यांच्याच कनवटीला होती. आम्ही मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची ज्वारी भरतो, मालदांडी. ३५-१ नावाचं तिचं वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रात निवडून काढलेलं, आणि अजून भाकरीला लोक तेच मागतात. ही रब्बीची ज्वारी. पेरणीनंतर पाऊस जवळपास नसतोच, काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती येते. इतकी कमी पाण्यावर वाढलेली ज्वारी पातेल्यात घातली की मात्र रात्रभर पाणी पीत बसते.

दोन माणसांना एक वाटी ज्वारी घ्या. निवडून, दोनदा चोळून धुऊन, भरपूर पाण्यात दहा-बारा तास भिजवा. उन्हाळ्यात मधे एकदा पाणी बदला, नाहीतर सकाळपर्यंत आंबूस वास येतो. सकाळी ते पाणी काढून तीन वाट्या ताजं पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरला लावा. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग गॅस अगदी बारीक करून पंचवीस मिनिटं. कुकर आपला आपण उतरू द्या. झाकण काढल्यावर एक दाणा दाताखाली घ्या. बाहेरून फुटल्यासारखा, आतून मऊ आणि चावताना किंचित दाद देणारा असला की झाली. मधे पांढरा कण टणक लागला तर अजून दहा मिनिटं.

मग चाळणीत निथळा. खाली येणारं दाटसर पाणी मी ओतून देत नाही, त्यात संध्याकाळच्या भाकरीचं पीठ भिजवते. निथळलेली ज्वारी परातीत पसरा आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवा. दाणा दाण्यापासून सुटा झाला पाहिजे. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून मी पहिल्यांदा गाळली होती. गरम ज्वारी कढईत टाकली आणि तिचा घट्ट भातासारखा गोळा झाला.

ज्यांना रात्री भिजवायचं लक्षात राहत नाही त्यांनी कण्या कराव्यात. गिरणीत "ज्वारी भरडून द्या, पीठ नको" म्हणून सांगायचं, घरी आणून पाखडायची, बारीक पीठ चाळून आंबिलीला वेगळं ठेवायचं. कण्या अर्धा तास भिजवून, चौपट पाण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवल्या की मऊ होतात. आमच्या लहानपणी कण्या म्हणजे गरिबाचा भात, ताकासोबत खायचा. त्यांच्यावर आलं-लसणाची परतलेली भाजी फार चांगली लागते, फक्त कण्या कढईत परतायला जाऊ नका, लापशी होते. हातसडीचा तांदूळ चालतो, बाजरी थंडीत चालते. पण माझ्या मते ज्वारीइतका चावायला आनंद कशातच नाही.

एका गोष्टीचा उलगडा मला पाकिटावरचा मजकूर वाचता वाचता झाला. ज्वारीत लायसीन नावाचं प्रथिनातलं घटकद्रव्य कमी असतं आणि सोयाबीनमध्ये ते भरपूर असतं. म्हणजे ज्वारीची भाकरी आणि डाळ यांची जी जोडी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली तीच इथे ज्वारी आणि टोफूची. हे सांगितल्यावर आत्यांनी टोफूकडे पहिल्यांदा जरा बऱ्या नजरेनं पाहिलं.

टोफूतलं पाणी

टोफू दोन तऱ्हांचा मिळतो, मऊ आणि घट्ट. परतायला घट्टच. पाकीट हातात घेऊन हलकं दाबून बघा, दह्यासारखा थरथरला तर तो ठेवून द्या. तारीख वाचा, आणि पाकीट फुगलेलं असेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. मे महिन्यात एका मोठ्या दुकानातून मी आणलेलं पाकीट घरी उघडलं तर आंबट वास आणि बोटाला बुळबुळीत. फ्रिज होता दुकानात, पण दुपारी वीज किती वेळ नव्हती कोण जाणे. तेव्हापासून उन्हाळ्यात टोफू सकाळी दुकान उघडल्या उघडल्या आणते, आणि घरून स्टीलचा डबा नि बर्फाची पिशवी घेऊन जाते. दुकानदार हसतो. हसू दे.

आता दाबण्याचं. इथे माझ्या घरचा एक फायदा सांगते. आमच्या यांची नोकरी टॉवेलच्या कारखान्यात. घरात सेकंडच्या मालाचे टर्किश नॅपकिन इतके, की पाहुण्यांना जाताना हातात देतो. सोलापुरी टर्किश पाणी पितं ते त्याच्या उभ्या फासांमुळे, आणि टोफू दाबायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण नवा नॅपकिन घेऊ नका. त्यावर खळ असते, तो पाणी नुसतं पुढे ढकलतो. दोन-तीन धुण्यांनंतर तो खरा कामाला येतो. आणि टोफूचा नॅपकिन वेगळा ठेवा, साबणाचा वास टोफू लगेच उचलतो. मी तो नुसत्या कढत पाण्यात धुते आणि उन्हात टाकते.

दोनशे ग्रॅम टोफू आडवा कापून दोन जाड चकत्या करा. नॅपकिनमध्ये गुंडाळा, खाली ताट, वर दुसरं ताट, त्यावर वरवंटा. पाटा अडगळीत गेला असेल तर पाण्यानं भरलेला तांब्या. वीस मिनिटं. फार जड ठेवलं तर कडेनं चिरा पडतात, म्हणून खलबत्ता ठेवू नका, मी ठेवून पाहिलाय. नॅपकिन उघडल्यावर तो ओलाचिंब लागला पाहिजे आणि टोफू हाताला कातड्यासारखा कोरडा.

वेळ नसेल तर दुसरी युक्ती. टोफूचे तुकडे करून खारट उकळत्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं ठेवा, मग निथळून नॅपकिनवर पसरा. पाण्यानं पाणी काढायचं, हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं. पण मीठ आणि उष्णता मिळून आतलं पाणी बाहेर खेचतात, आणि गरम तुकड्याचा पृष्ठभाग हवेत पटकन सुकतो. मीठही आतपर्यंत जरा मुरतं.

तिसरी युक्ती मला फार आवडते. पाकीट तसंच बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवायचं. टोफू पिवळट, दगडासारखा होतो. दुसऱ्या दिवशी पूर्ण वितळू द्या आणि दोन्ही तळव्यांमध्ये हलकेच दाबा. आत बर्फाचे स्फटिक झालेले असतात, त्यांच्या जागी बारीक छिद्रं राहतात, आणि टोफू स्पंजसारखा पिळला जातो. वाटीभर पाणी निघतं. असा टोफू चावायला चिवट होतो आणि रस भराभर पितो. आत्यांना हाच आवडतो, त्यांच्या मते यात "जरा दम आहे".

एकदा पाऊस फार झाला त्या आठवड्यात बाजारात टोफू मिळेना म्हणून घरी करून पाहिला. आपल्याकडे बार्शीपासून पुढे लातूरपर्यंत सोयाबीनचीच शेतं, तेव्हा बी मिळायला काही अडचण नाही, मात्र पेरणीचं औषध लावलेलं बी चुकूनही आणू नका. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवायचं, दोन लिटर पाण्यात थोडं थोडं घेऊन मिक्सरमध्ये बारीक वाटायचं, पंचातून पिळून गाळायचं. हे दूध मोठ्या पातेल्यात, निम्म्याच्या वर नको. तापायला लागलं की भसकन फेस वर येतो आणि माणूस गॅस बंद करतो. तो फेस म्हणजे उकळी नव्हे. आच कमी करून, हलवत, खरी उकळी आल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटं उकळा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं असतात, ती उष्णतेनंच जातात, आणि हिरवट वासही जातो. मग गॅस बंद, पाच मिनिटं थांबून दोन-तीन लिंबांचा रस अर्ध्या वाटी पाण्यात मिसळून हळूहळू सोडा. दोनदा हलकं हलवून झाकून ठेवा. दूध फाटून खाली पिवळसर पाणी दिसलं की पंचातून गाळून, चाळणीत दाबून तासभर ठेवा. लिंबाचा टोफू विकतच्यापेक्षा जरा ठिसूळ आणि आंबूस होतो, कारण कारखान्यात खनिज क्षारांनी दूध फाडतात. पंचात उरलेला चोथा थालीपिठात घाला. आणि खरं सांगू का, एवढा सगळा उद्योग करून तीनशे ग्रॅमच्या आसपास टोफू निघतो आणि ओट्यावर दोन बादल्यांचं धुणंपुसणं. पाण्याच्या दिवशीच करावं असलं काम.

भाज्या

लक्ष्मी मार्केटला सकाळी लवकर जाते. परतण्यासाठी भाजी निवडताना मी मनात तिचे तीन गट करते. गाजर, फरसबी, फ्लॉवर या दमाच्या. कोबी, ढोबळी मिरची, ओला वाटाणा या मधल्या. कांद्याची पात, पालक, मेथीची कोवळी पानं ही शेवटच्या अर्ध्या मिनिटाची. दोन माणसांना मिळून तीनशे ग्रॅम चिरलेली भाजी पुरे, आणि तीन प्रकार पुरे. सात रंगांच्या भाज्या एकत्र करण्याचा हौशी प्रकार मी सोडून दिला, प्रत्येकीची वेळ वेगळी, एकीला न्याय दिला की दुसरी गळते.

दोडका, दुधी, टोमॅटो, पडवळ यांना या कढईत जागा नाही. सगळं पाणी. वांगं तेल पितं. गवार मला फार हवी होती, सोलापूरची कोवळी गवार आणि टोफू छान जमतील असं वाटायचं. नुसती परतली तर दोरासारखी राहते. उकळत्या मिठाच्या पाण्यात तीन मिनिटं टाकून, काढून, नॅपकिनवर अगदी कोरडी करून घेतली तर जमते. फ्लॉवरलाही हेच, पण दोन मिनिटं.

धुतलेली भाजी चिरण्याआधी कोरडी करा. हे वाक्य मी सकाळी मदतीला येणाऱ्या ताईंना दीड वर्ष सांगतेय. चिरून धुतलं की जीवनसत्त्वं जातात वगैरे नंतरचं, आधी कढईत तळं होतं.

चिरणं सारखं हवं, इतकंच. गाजर तिरकं, पातळ. फरसबी बोटाच्या दोन पेरांएवढी. कोबी जाड, नाहीतर त्याचं पिठलं होतं.

कढईशी

लोखंडी कढई घ्या. नॉनस्टिक इतक्या आचेवर तापवणं बरं नव्हे. तेल शेंगदाण्याचं रिफाइंड. आमच्याकडे करडई पिकते, घाण्याचं करडई तेल मला वरणावर, चटणीवर जिवापाड आवडतं, पण मोठ्या जाळावर ते लगेच धुरावतं आणि कडवटतं. ते इथे नको.

चौकातल्या चायनीजच्या गाड्यावर जो जाळ असतो तो घरच्या शेगडीवर मिळणार नाही. त्याला तोड एकच, कढईत एकावेळी थोडं घाला. सात डब्यांची भाजी मी एकदम करत नाही. चार खेपा करते, प्रत्येक खेप चार मिनिटांची. एकदा घाईत सगळी एकदम टाकली होती, अठरा मिनिटं लागली आणि झाली ती भाजी नव्हती, कोबीचं सूप होतं.

आधी सगळं हाताशी मांडून घ्या, कारण एकदा जाळ मोठा केला की डबा शोधायला फुरसत नाही. एका वाटीत रस कालवून ठेवा: दीड पोह्याचा चमचा सोया सॉस, एक चहाचा चमचा व्हिनेगर, अर्धा चहाचा चमचा किसलेला गूळ, चिमूटभर मिरपूड, एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर आणि तीन चमचे पाणी. मीठ नाही, सोया सॉस पुरेसा खारट असतो. ज्यांना गव्हाचं चालत नाही त्यांनी सोया सॉसच्या बाटलीवर नीट वाचावं, बहुतेकांत गहू असतो. ज्वारी चालली म्हणून पूर्ण जेवण चालेल असं होत नाही.

दुसऱ्या वाटीत आठ पाकळ्या लसूण ठेचून, इंचभर आलं बारीक चिरून, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. किसलेलं आलं नको, ते पाणी सोडतं आणि कढईला करपून चिकटतं.

टोफूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. एक पोह्याचा चमचा तांदळाची पिठी आणि चिमूटभर मीठ भुरभुरवून ताटातच हलवून घ्या. कढई रिकामी तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो मोत्यासारखा घरंगळला पाहिजे. मग एक पोह्याचा चमचा तेल, कढई फिरवून सगळीकडे लावा, आणि टोफू एका थरात ठेवा. ठेवलात की हात मागे. इथेच सगळ्यांचं चुकतं, माझंही चुकायचं. उलथनं घेऊन लगेच खालवर करायला गेलात तर तो चिकटलेलाच असतो, कारण तळाला पापुद्रा अजून धरलेला नसतो. दोन मिनिटं काही करू नका. कडेनं सोनेरी रेघ दिसली की उलथन्याचं टोक खाली सारून बघा, आपण होऊन सुटतो. सुटला नाही तर अजून अर्धं मिनिट. दोन-तीन बाजू तांबूस झाल्या की ताटात काढा. नॅपकिनवर नका काढू, आता त्याची गरज संपली.

त्याच कढईत आणखी थोडं तेल, जाळ पूर्ण मोठा. लसूण-आलं-मिरची, दहा सेकंद, लसणाला रंग यायच्या आत दमाच्या भाज्या. आता कान द्या. भाजी पडली की चर्रर्र आवाज आला पाहिजे आणि तो तसाच टिकला पाहिजे. आवाज खाली बसून बुडबुडायला लागला की समजा पाणी सुटलं, भाजी जास्त आहे किंवा ओली आहे. अशा वेळी झाकण ठेवायचा मोह होतो, अजिबात ठेवू नका. अर्धी भाजी काढून घ्या, कढई पुन्हा तापू द्या. दीड-दोन मिनिटांनी मधल्या भाज्या, आणखी एक मिनिट. गाजर वाकतं पण मोडत नाही, कोबीच्या कडेला एखादा तपकिरी डाग आलाय, ही खूण.

मग टोफू आत. वाटीतला रस ढवळून घ्या, कॉर्नफ्लोअर तळाला बसलेलं असतं, आणि तो भाजीवर न ओतता कढईच्या कडेनं सोडा. तापलेल्या लोखंडाला लागून सोया सॉसचा एक खमंग भपकारा येतो, तो हवा. तीन-चार वेळा खालवर केलं की रस चकाकून भाजीला धरतो. कांद्याची पात, गॅस बंद, लगेच दुसऱ्या भांड्यात. आंबट पदार्थ लोखंडात राहिला तर काळा पडतो आणि चव बदलते.

व्हिनेगर घरात नसलं तर मी एक सोलापुरी गोष्ट करते. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, सात-आठ पानं बारीक चिरून पातीसोबत शेवटी घालते. शेजारच्या तेलुगू काकू पुंडीशिवाय आठवडा काढत नाहीत, त्यांच्याकडूनच पानं येतात. तिचा आंबटपणा व्हिनेगरपेक्षा गोल लागतो.

शेंगाचटणी

परतलेल्या टोफूवर शेंगदाण्याचा दाट रस घालायची पद्धत इंडोनेशियाकडे आहे असं कळलं तेव्हा मी हसले. फडताळात शेंगाचटणी असताना वेगळं काही कशाला करायचं? आपली चटणी म्हणजे भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ, उखळात तेल सुटेपर्यंत कांडलेली. मिक्सरची भुरभुरीत चटणी इथे कामाची नाही, कांडलेली हवी, जिचा गोळा होतो.

दोन पोह्याचे चमचे चटणी वाटीत घ्या. एकेक चमचा कोमट पाणी घालत बोटानं कालवा. आधी ती फाटल्यासारखी, घट्ट होते, घाबरू नका, आणखी पाणी घातलं की मऊ मलईसारखी होते. त्यात अर्ध्या लिंबाचा रस, बोराएवढा गूळ, चहाचा चमचाभर सोया सॉस. ही खाली ज्वारीवर पसरवायची आणि वर भाजी. असं करायचं तेव्हा कढईतल्या रसात कॉर्नफ्लोअर आणि गूळ घालू नका, आणि हिरवी मिरची एकच.

घरी लगेच खायचं असेल तर शिजवलेल्या ज्वारीऐवजी कडक भाकरी. ती पातळ, वाळवलेली, महिनाभर टिकणारी ज्वारीची भाकरी हातानं मोडून ताटलीत पसरा, वर रसासकट भाजी, वर कोरडी चटणी भुरभुरवा आणि ताबडतोब खायला बसा. पाच मिनिटांत खालचा थर मऊ व्हायला लागतो, वरचा कुडकुडीत राहतो. माझा मुलगा याला चायनीज भेळ म्हणतो. हे डब्यात चालत नाही, पण घरात बुधवारी रात्री हेच असतं.

डबा भरताना

घरी खाणाऱ्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल. माझा डबा साडेबाराला निघतो आणि दीडला उघडतो. गरम भाजी घालून झाकण लावलं की वाफ झाकणाला लागून थेंब होऊन परत खाली पडते, आणि सकाळपासून काढलेलं पाणी तासाभरात परत येतं. म्हणून भाजी परातीत पसरून पंख्याखाली दहा मिनिटं निववते. ज्वारी खालच्या कप्प्यात, आधीच थंड. भाजी वरच्या. चटणीचा रस छोट्या डबीत वेगळा. भाजी पूर्ण शिजवत नाही, अर्धं मिनिट आधी काढते, उरलेली ती डब्यातल्या उबेवर होते.

एप्रिल-मेमध्ये, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की टोफूचा डबा मी बारा वाजताच पाठवते आणि दोनच्या आत खायला सांगते. उरला तर संध्याकाळसाठी ठेवू नका, असं डबीवर चिकटपट्टीवर लिहून लावते. एका मुलानं ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून बसला.

उघडलेल्या पाकिटातला उरलेला टोफू डब्यात, वर बुडेल इतकं पिण्याचं पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवा. पाणी रोज बदला, तीन दिवसांत संपवा. हो, इतका वेळ काढलं तेच पाणी आता परत घालायचं, कारण उघडा ठेवला तर कडा वाळून रबरासारख्या होतात. शिजवलेली ज्वारीही तीन दिवस टिकते. मी ती दुसऱ्या दिवशी लसूण-मिरचीच्या फोडणीवर टाकते, चुरलेला टोफू आणि हळद घालते, वर कोथिंबीर. आत्या त्यात ताक ओतून खातात. मी काही बोलत नाही.